प्रारंभिक प्राथमिक निवडणुका आणि अध्यक्षपदाची उमेदवारी : अमेरिकेतील डेमोक्रॅटिक पक्षाचा अनुभव (१९५२-२०२४)

अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेख नाही. त्यामुळे अध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्याची पद्धत पक्षांचे नियम व घटकराज्यांचे कायदे यांतून घडत गेली. या प्रक्रियेत न्यू हॅम्पशायर व आयोवा या लहान राज्यांना लाभलेल्या महत्त्वाचे कारण त्यांच्या प्रतिनिधिसंख्येत नव्हे, तर नियमांच्या इतिहासात शोधावे लागते.

१९५२ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक निवडणुकीत एस्टेस केफॉव्हर यांनी विद्यमान अध्यक्ष ट्रुमन यांचा पराभव केला व ट्रुमन त्याच महिन्यात स्पर्धेतून बाहेर पडले. केफॉव्हर यांनी पुढील बहुतेक प्राथमिक निवडणुका जिंकल्या. तथापि पक्षाधिवेशनाने उमेदवारी दिली ती अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांना. १९६८ मध्येही हेच घडले. व्हिएतनाम युद्धाचे विरोधक यूजीन मॅकार्थी यांना न्यू हॅम्पशायरमध्ये सुमारे ४२ टक्के मते मिळाली. अधिक मते मिळूनही अध्यक्ष जॉन्सन यांची ती नामुष्की ठरली व ३१ मार्च रोजी त्यांनी माघार घेतली. उमेदवारी मात्र एकही प्राथमिक निवडणूक न लढविलेल्या ह्युबर्ट हम्फ्री यांना मिळाली. म्हणजेच प्रारंभिक मतदान अध्यक्षाला हटवू शकत होते. उत्तराधिकारी निवडण्याची सत्ता पक्षनेत्यांकडेच होती.

या विसंगतीतून उसळलेल्या असंतोषामुळे मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग नेमला गेला. त्याच्या शिफारशींनंतर, १९७२ पासून, प्रतिनिधींची निवड प्रामुख्याने मतदारांच्या कौलावर अवलंबून राहू लागली. त्याच वर्षी न्यू हॅम्पशायरमध्ये एडमंड मस्की पहिले आले. परंतु अपेक्षेपेक्षा कमी मताधिक्यामुळे त्यांचा विजय फिका पडला आणि अखेर उमेदवारी मॅकगव्हर्न यांना मिळाली. १९७६ मध्ये आयोवाच्या मतदारसभांत 'अनिर्णीत' गटाला सर्वाधिक पाठिंबा होता. जिमी कार्टर यांना सुमारे २८ टक्केच. तरीही उमेदवारांत ते अग्रस्थानी राहिले, आणि तेवढ्याने अल्पपरिचित कार्टर यांच्याकडे वृत्तपत्रांचे व देणगीदारांचे लक्ष वळले.

सत्ता नेत्यांकडून मतदारांकडे आली खरी. पण ती सर्व मतदारांकडे समप्रमाणात आली नाही. प्रथम मतदान करणाऱ्यांचा, तेही प्रामुख्याने श्वेतवर्णीय राज्यांतील मतदारांचा, वाटा मोठा ठरला. २०२० मध्ये जो बायडन आयोवात चौथे व न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले. कृष्णवर्णीय मतदारांचे प्राबल्य असलेल्या साउथ कॅरोलिनातील विजयाने त्यांना सावरले. २०२४ साठी पक्षाने त्याच राज्याला पहिला क्रम दिला. मतदानाचा क्रम हा केवळ वेळापत्रकाचा तपशील नसून प्रतिनिधित्वाचा प्रश्न आहे, याची ती कबुलीच होती.