देवळालीची संख्या

१९७३ साली मी नाशिकच्या एका महाविद्यालयात गणिताचा अधिव्याख्याता म्हणून रुजू झालो, तेव्हा आमचा सारा विभाग एका खोलीत मावत असे आणि विभागाची सारी यंत्रसामग्री एका लाकडी कपाटात. कपाटात लॉगॅरिदमच्या कोष्टकांचा गठ्ठा, लाकडी कंपास, मोठा गुण्या आणि हाताने फिरवायची चार फॅसिट यंत्रे होती. प्रात्यक्षिकाच्या दिवशी मुले ती यंत्रे बाहेर काढीत. हँडलाच्या खडखडाटाने शेजारच्या वर्गात चाललेले मेघदूत थांबे, आणि संस्कृतचे प्राध्यापक दारात येऊन आमच्याकडे अशा काही नजरेने पाहत की, जणू आम्ही पिठाची गिरणी काढली आहे.

विभागात विषयांची एक उतरंड होती. सर्वांत वर विश्लेषण, त्याखाली अमूर्त बीजगणित, मग भूमिती, आणि अंकगणित मुळी उतरंडीतच नव्हते. ते शाळामास्तरांचे. ही उतरंड कोणी लिहून ठेवली नव्हती, पण नवा अधिव्याख्याता आठ दिवसांत ती शिके. मीही शिकलो. या लेखात जे सांगायचे आहे त्याचे मूळ त्या आठ दिवसांत आहे.

आमच्या खोलीपासून बसने फार तर तासाभराच्या अंतरावर, देवळालीत, एक निवृत्त शाळामास्तर राहत होते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर त्यांचे नाव. जन्म १९०५ सालचा, डहाणूचा; शाळा ठाण्याला; महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. केंब्रिजला १८९९ साली सीनिअर रँग्लर झालेले पहिले भारतीय, रँग्लर परांजपे, त्यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक कापरेकरांनी १९२७ साली मिळवले. १९२९ साली ते बी.एस्सी. झाले आणि पुढच्याच वर्षी देवळालीच्या शाळेत शिक्षक म्हणून लागले. १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते तेथेच होते.

देवळाली म्हणजे तोफखान्याचे गाव. इंग्रज सोल्जर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत येथे महिनोन् महिने पडून राहत. त्यांतल्या काहींची डोकी फिरत, म्हणून इंग्रजीत भ्रमिष्टपणाला देवळालीवरूनच एक शब्द पडला. त्याच गावाचे नाव कापरेकरांनी संख्यांना दिले.

एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्माला येते. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४ येतात. पण २० ही संख्या अशा रीतीने कोणापासूनच जन्मत नाही. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२ अशा या बिनबापाच्या संख्यांना स्वयंभू म्हणावे. कापरेकरांनी त्यांना देवळाली संख्याही म्हटले. पुढे कोलंबियाच्या बर्नार्डो रेकामान यांनी तोच प्रश्न मांडल्यामुळे जगात त्यांना कोलंबियन संख्या हेही नाव मिळाले. १९६३ साली कापरेकरांनी या विषयावर देवळालीहून स्वतःच पुस्तिका छापली. त्यांची आणखी एक जात पाहा: ४५ चा वर्ग २०२५, आणि २० व २५ मिळून पुन्हा ४५, २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ व २०९ मिळून २९७. डोंबिवली स्टेशनावर सुचल्या म्हणून काही संख्यांना त्यांनी त्या स्टेशनाच्या नावावरून डेम्लो म्हटले. मला हा माणूस नावे ठेवण्यातही रसिक वाटतो. पण हे आज वाटते.

आणि मग ६१७४. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार आकडी संख्या घ्यावी, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडावेत, मोठीतून लहान वजा करावी आणि येईल त्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. १९४७ घेऊ. ९७४१ वजा १४७९, उत्तर ८२६२. पुढे ६३५४, ३०८७, ८३५२ आणि ६१७४. त्यानंतर ७६४१ मधून १४६७ गेले की पुन्हा ६१७४. संख्या जागची हलत नाही. सात वजाबाक्यांच्या आत प्रत्येक संख्या येथेच येऊन बसते. हे कापरेकरांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडले. भारतातल्या अनेक गणितज्ञांनी त्यांचे काम पोरखेळ म्हणून हसण्यावारी नेले.

त्या हसण्यामागे काही युक्तिवाद होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. हे सारे गुण संख्येचे नव्हेत, दशमान लेखनाचे. माणसाला आठ बोटे असती तर ६१७४ ला कोण विचारता? आमच्या खोलीत हे वाक्य चहाबरोबर फिरे, आणि मीही ते पुष्कळदा फेकले आहे. मार्च १९७५ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांवर लिहिले. ते समजल्यावर तिसऱ्या वर्षाची तीन मुले माझ्याकडे आली. “सर, त्यांना आपल्या मंडळात भाषणाला बोलवू या का?” मी म्हणालो, “अगोदर अभ्यासक्रम पुरा होऊ द्या.” तो त्या वर्षी पुरा झाला, पुढच्याही वर्षी झाला. निमंत्रण गेले नाही. पत्नी वारल्यानंतर पेन्शन पुरेना म्हणून हा माणूस तेव्हा शिकवण्या करीत होता. ही गोष्ट मला फार नंतर वाचायला मिळाली. १९८६ साली कापरेकर वारले. तेरा वर्षे मी त्यांच्याच जिल्ह्यात गणित शिकवत होतो आणि एकदाही देवळालीची बस धरली नाही.

त्यानंतर दोनएक वर्षांनी आमच्याकडे संगणक आले. तीन यंत्रे, एक वातानुकूलित खोली, दाराबाहेर चपलांचा ढीग. देवळाच्या गाभाऱ्यात जावे तशी मुले आत जात. विभागाच्या पाटीवर ‘गणित व संगणकशास्त्र’ असे रंगवून झाले आणि उतरंड एका उन्हाळ्यात कोसळली; कारण यंत्राला विश्लेषण समजत नाही, त्याला अंकच लागतात. मुलांना पहिला प्रोग्रॅम कोणता द्यावा याचा शोध करताना मला दुसरे काही सुचले नाही. मी फळ्यावर कापरेकरांची रीत लिहिली.

एक मुलगी अर्ध्या तासात आली. “सर, नियम खोटा आहे. २१११ घेतले की शेवटी शून्य येते.” खरे सांगतो, मला आतून बरे वाटले. पंधरा वर्षे ज्याला पोरखेळ म्हटले तो खोटाही निघाला तर माझा हिशेब चुकता होत होता. पण पोरगी हट्टी. तिने पेन्सिल काढून वहीत वजाबाकी मांडली: २१११ वजा १११२, उत्तर ०९९९. आणि ती थांबली. कागदावर तिने शून्य लिहिले होते. यंत्राने ते अर्थशून्य म्हणून टाकून दिले होते आणि तीन नवांतून तीन नऊ वजा केले होते. शून्य जागेवर ठेवताच ८९९१, ८०८२, ८५३२ आणि ६१७४ असे सारे सुरळीत आले.

“पण यंत्राने सगळ्या संख्या तपासल्या म्हणजे सिद्धता झाली का?” मी विचारले. ही माझी जुनी सवय. ती वही घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. अंक उतरत्या क्रमाने मांडले, तर पहिल्या-शेवटच्या अंकांतला फरक ९९९ ने आणि मधल्या दोहोंतला ९० ने गुणून मिळवला की वजाबाकीचे उत्तर तयार. पहिला फरक १ ते ९, दुसरा त्याहून मोठा होऊ शकत नाही. म्हणजे साऱ्या संख्यांची मिळून उत्तरे अवघी ५४. तिने ती चौपन्न कोष्टकात मांडली होती. यंत्राची गरज नव्हती. एका दुपारचे काम! आणि ते मी कधी केले नव्हते.

“सर, हे कापरेकर कुठले?”

“देवळालीचे.”

“आपल्या देवळालीचे? मग तुम्ही त्यांना भेटला असाल.”

मी घड्याळ पाहिले आणि तास संपल्याचे सांगितले.

त्याच आठवड्यात मुलांनी पाच अंकांवर तोच प्रोग्रॅम चालवला. यंत्र थांबेना. पडद्यावर आकडे सरकत राहिले, सहायक धावत आला, “लटकलं, लटकलं” म्हणत त्याने खटका बंद केला. मला मात्र राहवेना. घरी जेवण झाल्यावर मी पाठकोऱ्या कागदांवर बसलो. ५३९५५ घेतले. ९५५५३ वजा ३५५५९, आले ५९९९४. त्यातून पुन्हा ९९९५४ वजा ४५९९९, आले ५३९५५. यंत्र लटकले नव्हते. पाच अंकांना विसाव्याची एक जागाच नाही, ते फिरतच राहतात. आणखी काही संख्या घेतल्या, तर चार-चारांची दोन वर्तुळे सापडली. पत्नीने दोनदा दिवा मालवायला सांगितले. उठलो तेव्हा दोन वाजून गेले होते, आणि सहा अंकांचा कागद मी आखून ठेवला होता.