शटरच्या आत फळ्या



महाडातली चैत्र-वैशाखाची दुपार ज्यांनी काढली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. चहूबाजूंनी डोंगर, मधे कढईत बसल्यासारखं गाव, समुद्र लांब आणि वारा पडलेला. आमच्या घराचं गॅरेज पश्चिमेला तोंड करून आहे. गॅरेज म्हणायचं एवढंच. ह्यांची स्कूटर, वर्षाचं धान्य, पापडाचं सामान तिथेच असतं, आणि विहारात साधू-साध्वीजी आले तर त्यांना उतरायलाही घरात तीच एक मोकळी जागा.

दोन वर्षांपूर्वी चैत्रात साध्वीजी आल्या, ठाणा तीन. माणगावकडून हायवेने पहाटे चालत आल्या होत्या, दुसऱ्या दिवशी पोलादपूर गाठायचं होतं. पंख्याचा प्रश्नच नव्हता. दुपारी तीनच्या सुमाराला मी सुखशाता विचारायला खाली गेले, तर तिघी शटरपासून जितकं दूर जाता येईल तितक्या मागच्या भिंतीला सरकून स्वाध्याय करत बसल्या होत्या. तक्रारीचा एक शब्द नाही. मी परत येताना सहज शटरला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. तव्यासमोर पाहुण्यांना बसवावं तसं आम्ही त्यांना बसवलं होतं.

त्या दिवसापासून हे दार माझ्या डोक्यात बसलं.

मी लग्न होऊन आले १९८३ साली. तेव्हा या जागेत सासऱ्यांचं दुकान होतं आणि दुकानाला फळ्या होत्या. तुमच्यापैकी ज्या पेठेत वाढल्या त्यांना आठवेल. उंबऱ्यात आणि वरच्या तुळईत खाच, त्यात एकेक उभी फळी सरकवत न्यायची, शेवटच्या फळीला कडी आणि आतून आडवा अडसर. आमच्या चौदा फळ्या होत्या, सागवानी, अंगठ्याच्या पेराहून जाड, आणि प्रत्येकीवर आकडा कोरलेला, कारण सातवी फळी नवव्या जागी बसत नसे. सकाळी दुकान उघडायला पाव तास, रात्री लावायला पाव तास. दुपारी जेवणाच्या वेळी सासरे अर्ध्या फळ्या लावून आत आडवे व्हायचे. आत अंधार असायचा, पण भगभग नसायची. तेव्हा वाटायचं, जुनी घरं थंडच असतात. ती फळ्यांनी थंड होती हे शटर आल्यावरही कळायला मला तीस वर्षं लागली.

माझ्या माहेरी पोलादपूरकडे तर फळ्याही नव्हत्या, कूड होता. डोंगरावरची कारवी आणायची, तिच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेण-मातीचा गिलावा द्यायचा. कारवी सात वर्षांनी फुलते आणि बी पडलं की वाळते. त्या वाळलेल्या काठ्या पोकळ-हलक्या. काठ्यांच्या मधल्या फटीत हवा अडकून राहायची आणि हीच अडकलेली हवा घराला राखायची. उन्हाळ्यात बाहेरचा ताप आत येत नसे. पौष-माघात महाबळेश्वरच्या घाटावरून रात्री जो गारवा खाली उतरतो, तोही कुडापाशी थांबे.

आणखी मागे जायचं तर महाडहून मुंबईकडे निघाल्यावर हायवेलगतच गांधारपाल्याची बौद्ध लेणी लागतात. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली ही लेणी. भर मे महिन्यात वर चढून गेलात तरी आतल्या खोलीत शिरल्याबरोबर अंग निवतं. डोंगरच भिंत झाल्यावर तिला तापायला दिवस पुरत नाही. पायी फिरणाऱ्या भिक्षूंना उतरायला जागा द्यायची चिंता आपल्या या मार्गाला किती जुनी आहे, हे मला तिथे गेले की जाणवतं.

मग हे पत्र्याचं दार आलं कुठून? लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री पामर नावाच्या इंजिनिअरने १८२९ साली लोखंडी पत्र्याला नागमोडी वळ्या पाडण्याचं पेटंट घेतलं. वळ्यांमुळे पातळ पत्राही ताठ उभा राहायला लागला. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेलने लोखंडाला जस्ताचा मुलामा देण्याचं पेटंट घेतलं, आणि पत्रा पावसात गंजेनासा झाला. गोदीच्या शेडसाठी काढलेली वस्तू पुढे जगभर पसरली, आपल्या कोकणातही छपरावर चढली. शटर हे त्याच घराण्यातलं. पातळ पट्ट्या एकमेकींत अडकवल्या की गुंडाळता येतात.  उघडायला पाव मिनिट. आमच्याकडे ते १९९१ साली बसलं आणि आम्ही पेढे वाटले होते, खोटं कशाला सांगू! दुकान बंद होऊन तिथे गॅरेज झालं, तरी शटर तेच राहिलं.

पण शटरची पट्टी असते जेमतेम एक मिलिमीटर, आणि लोखंडातून उष्णता लाकडाच्या काही शे पटीने भरभर जाते. म्हणजे उन्हाच्या दृष्टीने तिथे दारच नाही. उलट तापलेला पत्रा आत शेगडीसारखा शेक देत राहतो. थंडीत याच्या उलट. पहाटे पत्रा बर्फासारखा होतो आणि खोलीतली ऊब ओढून घेतो.

उपाय विचारला तर प्रत्येकाने वेगळा सांगितला. एकीने वाळ्याचे पडदे सुचवले. ते फार जुने आहेत. अकबर बादशहाच्या काळी बांबूच्या चौकटीत वाळा भरून त्यावर पाणी शिंपडायची पद्धत होती, अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत तिचं कौतुक केलं आहे. वास छान, गारवा छान. पण दिवसभर पाणी शिंपडत राहायचं म्हणजे अप्कायाची विराधना, आणि ज्या खोलीत ओलावा टपकतो तिथे साध्वीजी बसणार कशा? धान्यही तिथेच. ते बाद.

दुसरी गोष्ट मला नातवाच्या पुस्तकात सापडली आणि मी ती दोनदा वाचली. १८३३ साली बोस्टनहून एक जहाज कलकत्त्याला बर्फ घेऊन आलं. ट्युडर नावाच्या व्यापाऱ्याचा धंदा. चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडलेलं, आणि निघताना भरलेल्या सुमारे १८० टनांपैकी सुमारे १०० टन बर्फ शाबूत उतरला! पुढल्या वर्षापासून मुंबईलाही येऊ लागला. यंत्र कसलंच नाही. लाकडाच्या दुहेरी भिंती आणि मधे झाडाची साल, गवत, भुसा ठासलेला, एवढंच. बर्फ आपल्या बावीस अभक्ष्यांत येतो, तेव्हा त्या मालाशी आपल्याला कर्तव्य नाही. भिंतीशी मात्र आहे. माझ्या माहेरचा कूड आणि त्या जहाजाची भिंत यांत तत्त्वाचा फरक नाही. हवेला जागच्या जागी कोंडून ठेवा, ती उष्णतेला इकडून तिकडे जाऊ देत नाही.

तिसरा उपाय मुलीने अमेरिकेहून सांगितला. तिथे गॅरेजचं दार उभ्याचं आडवं होत छताखाली सरकतं. हा प्रकार १९२१ साली जॉन्सन नावाच्या माणसाने काढला. तिच्याकडच्या दारांत दोन पत्र्यांच्या पोटात फेस भरलेला असतो, कारण बाहेर बर्फ आणि गॅरेजच्या डोक्यावर निजायची खोली. ती म्हणाली, "आई, थर्माकोलच्या शीट आणून आतून चिकटव, तासाभराचं काम." ते सरळ दाराला चालतं. पोलादपूरला माझ्या भावजयीने सरकत्या लोखंडी दाराला बुडबुड्यांची चंदेरी शीट आतून लावली आहे, छान टिकली. पण आपलं शटर गुंडाळतं. त्याला शीट चिकटवली तर पहिल्याच दिवशी वरच्या पेटीत अडकून बसेल. शिवाय थर्माकोल ठिणगीने पेटतो, उघडा ठेवायचा नसतो, आणि मुंग्या त्यात घर करतात. मग तो काढायचा तर त्यांचं काय करायचं? ज्या कामात पुढे हिंसा दिसते ते मी सुरूच करत नाही.

आणि महाडात काहीही लावताना एक प्रश्न आधी विचारावा लागतो : पुरात याचं काय होईल? २२ जुलै २०२१ ची रात्र इथे कुणी विसरलेलं नाही. सावित्री आणि गांधारी पेठेत शिरल्या. त्याच दिवशी तळियेवर डोंगर कोसळला, पोलादपुरातही दरडी पडल्या, तेव्हा आपण फक्त सामान गमावलं याचीच लाज वाटावी. आमचा तळमजला पाण्याखाली होता. धान्य गेलं, स्कूटर गेली. शटर चिखलाने असं बसलं की कापूनच काढावं लागलं, आणि आम्ही पुन्हा तसलंच नवं बसवलं. मी कॉमर्सची. घसारा कसा काढायचा ते शिकलेली. शटरच्या नावापुढे वहीत शून्य लिहिताना मला काही वाटलं नाही. वाटलं ते फळ्यांबद्दल.

कारण फळ्या घरातच होत्या. १९९१ ला बांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्या भंगारात जाऊ दिल्या नव्हत्या. मागच्या खोलीत त्यांचा माळा करून घेतला होता. पुरात त्याही बुडाल्या. चिखल धुऊन आम्ही त्या सावलीत भिंतीला उभ्या केल्या, आणि दिवाळीपर्यंत वाळून बारा फळ्या सरळ निघाल्या. दोन वाकल्या. पण तेव्हा त्यांचं काय करायचं ते सुचलं नव्हतं. साध्वीजींच्या त्या दुपारनंतर सुचलं.

सुताराला बोलावलं. त्याने शटरच्या आतल्या अंगाला चार बोटं जागा सोडून वर-खाली खाच केली. दोन फळ्या नव्या घातल्या, बारा जुन्या. आता बाहेर शटर, मधे कोंडलेली हवा, आत सागवान. शटरला बाहेरून पांढरा रंग दिला, त्याने ऊन बरंचसं परतून जातं. वरची पेटी फार तापते, तिच्याखाली प्लायवूडचं झाकण बसवलं. उंबऱ्याच्या फटीसाठी जुन्या साडीची लांब गुंडाळी. थंडीत ती रात्री लावायची आणि सकाळी हलक्या हाताने अंगणात झटकायची, आत जीव बसलेले असतात. शटर वर करण्याआधीही मी दोनदा टकटक करते. पट्ट्यांत पाली असतात, त्यांना सरकायला वेळ द्यायचा.

दुपारी फळीच्या आतल्या अंगाला हात लावला की कोमट लागते, बस. त्या उन्हाळ्यात धान्याला टोकेही कमी लागले.

गेल्या फाल्गुनात पुन्हा साध्वीजी आल्या, त्यांतल्या एक दोन वर्षांपूर्वीच्याच. आत पाऊल टाकण्याआधी त्यांनी फळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कधी केलं? आमच्यासाठी केलं का?"

मला माहीत होतं की त्यांच्यासाठी म्हणून केलेली जागा त्यांना कल्पत नाही. धान्याचं सांगून मोकळी होऊ शकले असते, आणि ते खोटंही नव्हतं. पण सुरुवात त्यांच्या त्या दुपारपासून झाली होती. मी सगळं सांगितलं. पूर, बा, फळ्या, धान्य, आणि चटका बसलेला हातही.

त्या हसल्या. म्हणाल्या, हा प्रश्न तुम्हीच पहिल्यांदा उभा केलेला नाही. आचारांग सूत्रात, दुसऱ्या श्रुतस्कंधात, शय्येचं एक अख्खं अध्ययन आहे. गृहस्थाने मुनींसाठी म्हणून भिंतींना चटया लावल्या, बांबू बांधले, गवत शाकारलं, सारवलं, लहान दार मोठं केलं की मोठं लहान केलं, तर ती जागा साधूने घ्यावी का, याचा तिथे विचार आहे. मी नंतर बघितलं, याकोबी या जर्मन पंडिताने १८८४ साली इंग्रजीत केलेल्या भाषांतरातही ते आहे. म्हणजे आपले श्रावक-श्राविका तेव्हाही महाराजसाहेबांना ऊन-थंडी लागू नये म्हणून चटया बांधतच होते! आणि नियम असा की अशी डागडुजी केलेली जागा कुणी वापरलेली नसेल तर घ्यायची नाही. दुसऱ्यांनी वापरली असेल तर पाहून, पुंजून घेता येते.

"मग आम्ही वापरतोच की," मी म्हणाले.

"तुमची स्कूटर वापरते," त्या म्हणाल्या. "माणसं?"

खरंच होतं. फळ्या बसल्यापासून तिथे कुणी बसलंही नव्हतं, झोपलंही नव्हतं. त्या रात्री तिघी शेजारच्यांच्या पडवीत राहिल्या. मी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवसापासून सुनेने पापडाचा पाट तिथे मांडला. दुपारची आमची सामायिक तिथे होते, नातू परीक्षेचा अभ्यास तिथेच करतो, आणि हे जेवणानंतर सासऱ्यांसारखे अर्ध्या फळ्या लावून आडवे होतात. वैशाखात त्याच साध्वीजी परतीच्या वाटेवर आल्या. त्यांनी पाटाखालचं पीठ पाहिलं, कोपऱ्यातली चटई पाहिली, जमीन पुंजली आणि सातव्या फळीच्या समोर आसन घातलं.