मूस, तराजू आणि लोहचुंबक

कराडहून विट्याला निघालेली एसटी वाटेत आमच्या कडेगावला थांबते. बाहेरच्या माणसाला कडेगाव ठाऊक असतं ते मोहरमच्या उंच ताबुतांमुळं. मला आज मात्र या रस्त्याबद्दलच बोलायचं आहे. केंद्र सरकारच्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांमध्ये २०२० साली कराड देशात पहिलं आलं आणि २०२१ साली विटा. रस्त्याची दोन्ही टोकं पहिली आणि मधे आम्ही! त्या वेळी आमच्या कट्ट्यावर एकजण म्हणाला, "कचऱ्यात कसला आलाय पराक्रम?" मी काही बोललो नाही, पण मनात आलं, वेगळं काढण्याची विद्या आमच्या मुलखाला नवी नाही.

खानापूर, आटपाडी, कडेगाव हा दुष्काळी पट्टा. शेतीत भागेना म्हणून इथली माणसं बाहेर पडली आणि सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात शिरली. केरळपासून पंजाबपर्यंत सराफ बाजारांच्या गल्लीबोळांत आमचे गलाईवाले भेटतात. जुना मोडका दागिना ते मुशीत वितळवतात. सोनं चोख करायचं म्हणून त्यात आधी चांदी मिसळतात, हे लहानपणी ऐकलं तेव्हा मी चक्रावलो होतो. भेसळ काढायची तर आणखी भेसळ कशाला? पण सोनं एक हिस्सा आणि बाकीचे धातू तीन हिस्से झाल्याशिवाय तेजाब आतपर्यंत पोचत नाही. मग चांदी-तांबं विरघळून जातं आणि तळाशी सोन्याची तपकिरी भुकटी उरते. ते तेजाबाचं पाणीही कुणी ओतून देत नाही. त्यात तांब्याची पट्टी सोडली की विरघळलेली चांदी परत बाहेर येते. हे सगळं करताना उठणारा तांबूस धूर माणसाच्या छातीत जातो, तो मात्र परत काढता येत नाही.

त्याच्याही आधीचे म्हणजे झारेकरी. सोनाराच्या दुकानातला केर आणि भट्टीतली राख विकत घ्यायची, पाण्यात धुवायची, हलकं वाहून जाऊ द्यायचं आणि जड कण ठेवायचे. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत या लोकांची नोंद आहे. मुसलमानांत त्यांना धूळधोये म्हणत. धंदा एक, नावं दोन.

माझे मामू भंगार गोळा करायचे. सायकलला दोन पोती, हँडलला तराजू आणि खिशात सुतळीला बांधलेलं लोहचुंबक. पितळेचं म्हणून दिलेलं भांडं आतून लोखंडाचं निघालं की म्हणायचे, "वहिनी, मी खोटं बोलीन, चुंबक नाही बोलणार." मोडक्या चपलांवर कांदे-बटाटे द्यायचे. एकदा एका गावात विहिरीवरच्या मोटारीची तार चोरीला गेली आणि मामूंना रात्रभर बसवून ठेवलं. सकाळी तार दुसरीकडं सापडली. मामू घरी आले, चहा प्याले आणि पोती घेऊन निघाले, फक्त त्या गावचा रस्ता सोडून. सोनं गाळणारा गावी आला की 'शेठ' होतो. पत्रा वेचणारा म्हातारा झाला तरी संशयितच राहतो, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून पुण्यात १९९३ साली जे घडलं ते मला मोठं वाटतं. डॉ. बाबा आढाव आणि एसएनडीटीत काम करणाऱ्या कार्यकर्त्या यांच्या पुढाकारानं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातल्या कित्येक बायकांची घरं १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेली होती. म्हणजे इथंही दुष्काळच! त्यांचं मागणं साधं होतं. उकिरड्यात हात घालायला लावू नका, ओला-सुका घरातच वेगळा करून आमच्या हातात द्या. पुढं महापालिकेनं मान्य केलेलं ओळखपत्र त्यांना मिळालं आणि २००८ मध्ये 'स्वच्छ' या त्यांच्या सहकारी संस्थेशी पुणे महापालिकेनं करार केला. घनकचऱ्याच्या नियमांत २०१६ साली कचरावेचकाची व्याख्या लिहिली गेली.

मध्यंतरी एका नगरपालिकेचं सुका कचरा वेगळा करण्याचं केंद्र बघायला गेलो होतो. सरकत्या पट्ट्यावरून माल येतो. वर टांगलेला मोठा चुंबक पत्रा-खिळे उचलून घेतो. बाकीचं काम दोन्ही बाजूंच्या बायकांच्या हातांचं. पुठ्ठा, दुधाची पिशवी, पाण्याची बाटली, शाम्पूची बाटली, काच, सगळ्याची ठिकाणं वेगळी. पुठ्ठा दाबून गठ्ठे होतात, ते कागद गिरणीत जाऊन त्यांचा लगदा होतो. पण तेलकट झालेला कागद तिथं नको असतो. प्लास्टिकचे तुकडे करून पाण्यात टाकले की झाकणं तरंगतात आणि बाटलीचे तुकडे बुडतात. झारेकऱ्याचीच युक्ती! मग धुऊन, वितळवून त्यांचा दाणा बनतो. वेफर्सच्या चकचकीत पुड्यांपुढं मात्र सगळे हात टेकतात. प्लास्टिक आणि धातूचे थर असे चिकटलेले असतात की ते सोडवणं परवडत नाही. त्यांची वाट बहुधा सिमेंट कारखान्याच्या भट्टीकडं.

पट्ट्याशी उभ्या असलेल्या एका बाईंना विचारलं, दोन बाटल्या दिसायला सारख्या, तरी तुम्हाला फरक कसा कळतो? त्या म्हणाल्या, "दाबून बघायची. आवाज वेगळा येतो." त्यांनी दोन बाटल्या माझ्या कानाशी दाबून दाखवल्या. मला काही कळलं नाही. त्या हसल्या आणि कामाला लागल्या.

त्यांच्या गळ्यात फोटोचं ओळखपत्र होतं. मामूंचं चुंबक आता माझ्या टेबलावर असतं, टाचण्या धरून.