उरलेल्या नळीचा इतिहास

मंडळी, गाडीचं इंजिन बदललं की क्रँककेसची एक नळी हमखास उरते. "सोडा मोकळी!" हा सल्ला मला मुळीच पटत नाही. कारण ऐका. पिस्टनच्या कडेने क्रँककेसमध्ये झिरपणारे वायू पूर्वी सरळ रस्त्यावर सोडत. १९५०च्या दशकात आरी हागेन-स्मिट यांनी दाखवलं, की लॉस एंजेलिसचं धुरकं हायड्रोकार्बन, नायट्रोजन ऑक्साइड आणि उन्हातून बनतं. मग कॅलिफोर्नियाने हे वायू पुन्हा इंजिनातच जाळायला लावले. म्हणून साध्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात एक नळी पीसीव्ही व्हॉल्व्हमधून इनटेक मॅनिफोल्डला आणि दुसरी ताज्या हवेसाठी एअर फिल्टरच्या बाजूला जोडायचीच. मोकळी सोडूनही गाडी पळेल हो, पण धुरकं गावाच्या वाट्याला!