कंपनी काढायची की सोसायटी? ऊसपट्ट्याने हे आधीच करून पाहिलंय

बचत गट असो, शेतकरी गट असो की चार मित्रांचं दुकान, सध्या एकच विचारणा चालू आहे: नोंदणी कशात करायची? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं, "सीए म्हणेल त्यात." जरा मागे जाऊन बघू.

1932 साली सरकारने साखरेला आयातकराचं संरक्षण दिलं आणि देशात भराभर कारखाने उभे राहिले. त्याच दशकात सासवडच्या माळी बागायतदारांनी अकलूजजवळ माळीनगरला स्वतःचा कारखाना काढला. रूप निवडलं लिमिटेड कंपनीचं. मालक शेतकरीच, पण कंपनीचा नियम साधारण असा, की जितके शेअर तितकी मतं.

पुढे आलं प्रवरानगर. विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकरी जमवले, धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले आणि 1950-51 च्या हंगामात गाळप सुरू झालं. ऊस तोच, शेतकरीही तसेच. रूप मात्र सहकारी. दोन एकरवाला असो की पन्नास एकरवाला, मत एकच. सहकारी म्हणून सरकारचं भागभांडवलही मिळालं. पण पैशामागून सरकारही आत आलं: निबंधक, निवडणुका, पॅनेलं. पुढे कितीतरी सहकारी कारखाने कर्जापायी लिलावात खासगी हातात गेले. दोष नुसत्या रूपाचा नाही, पण एका मताची ताकद सभासदांनी वापरली नाही, हेही खरं.

2002 मध्ये अलघ समितीच्या शिफारशीवरून कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि दोन्हींचा मेळ घालणारी शेतकरी उत्पादक कंपनी आली. किमान दहा उत्पादक, कारभार कंपनीसारखा, मत माणशी एक.

आणि सगळ्यात सोपी वाटणारी भागीदारी? तिचा कायदाही 1932 चाच. त्यात फर्मचं कर्ज थकलं तर भागीदाराच्या घराला-शेतालाही हात लागू शकतो. नोंदणी नसेल तर उधारी बुडवणाऱ्यावर फर्मच्या नावाने दावाही लावता येत नाही. ही जोखीम नको म्हणून 2008 साली एलएलपीचा कायदा झाला.

म्हणून सीएकडे जाण्याआधी आपसात तीन प्रश्न सोडवा. मत पैशाला की माणसाला? बुडालं तर कुणाचं घर जाणार? एकजण बाहेर पडला तर त्याचा हिस्सा कसा मोजायचा? याची उत्तरं कागदावर आली, की रूप निवडणं फार अवघड राहत नाही. ती न ठरवता घाईत सही केली, तर पुढे कोर्टाच्या तारखा ठरलेल्या.