तारेचा कायदा आणि इंटरनेटचे द्वारपाल

१/ २७ मार्च २०१५ रोजी ‘ट्राय’ने, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २० प्रश्नांचे एक सल्लामसलत पत्र प्रसिद्ध केले. एरवी असे कागद कंपन्यांच्या कचेऱ्यांबाहेर फारसे वाचले जात नाहीत. या पत्रावर मात्र महिन्याभरात १० लाखांहून अधिक ई-मेल आले. असे काय घडले होते?

२/ व्हॉट्सअॅप, स्काईप यांमुळे आपले उत्पन्न बुडते, जाळे मात्र आपण उभारतो, अशी दूरसंचार कंपन्यांची तक्रार होती. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरील कॉलसाठी वेगळा दर जाहीर केला आणि टीका होताच तो मागे घेतला. प्रश्न मात्र उरला: वाहिनीचा मालक तिच्यातून जाणाऱ्या मजकुरात भेदभाव करू शकतो का?

३/ ‘नेट न्यूट्रॅलिटी’ हा शब्द टिम वू यांनी २००३ मध्ये रूढ केला. तत्त्व मात्र तारेच्या काळातले आहे. अमेरिकेच्या १८६०च्या पॅसिफिक टेलिग्राफ कायद्यानुसार संदेश ज्या क्रमाने येतील, त्याच क्रमाने निःपक्षपातीपणे पाठवणे बंधनकारक होते. अपवाद एकच, सरकारी संदेशांचा. हा अपवाद ध्यानात ठेवावा.

४/ एप्रिल २०१५ मध्ये ‘एअरटेल झीरो’ आले. डेटाचे पैसे अॅपची कंपनी भरणार, ग्राहकाला ते फुकट. आक्षेप असा की, बलाढ्य कंपनी पैसे भरेल. नवख्याने काय करावे? टीकेनंतर फ्लिपकार्टने या योजनेतून अंग काढून घेतले.

५/ फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’चा युक्तिवाद अधिक अवघड होता. ज्याच्यापाशी काहीच नाही, त्याला निवडक संकेतस्थळे फुकट मिळाली तर बिघडले कुठे? गरिबांच्या नावाने केलेला हा दावा सहज झटकण्याजोगा नव्हता. विरोधकांचे उत्तर असे: काय फुकट दिसावे याच्या अटी एकच कंपनी ठरवणार असेल, तर गरिबाच्या वाट्याला इंटरनेट येत नाही, त्याचे कुंपण येते.

६/ ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार वेगवेगळे डेटा-दर लावण्यास बंदी घातली. दंड दिवसाला ५० हजार, कमाल ५० लाख रुपये. जुलै २०१८ मध्ये शासनाने समानतेचे तत्त्व मान्य केले. अमेरिकेत मात्र २०१५ चे नियम २०१७ मध्ये रद्द झाले, २०२४ मध्ये परतले आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयात कोसळले.

७/ भारतात कंपन्यांना वेसण घालण्याचा अधिकार शासनाकडे कुठून आला? १८८५ च्या भारतीय तार कायद्यातून. तार चालवण्याचा हक्क सरकारचा. इतरांनी परवाना घ्यावा. ब्रिटिश राजवटीची ही चौकट इंटरनेट सेवा पुरवठादारांनाही लागू झाली.

८/ त्याच कायद्याखाली ऑगस्ट २०१७ मध्ये दूरसंचार सेवा तात्पुरती बंद करण्याचे नियम निघाले. कंपनीने एक संकेतस्थळ मंद करू नये. शासन मात्र सारे जाळेच थांबवू शकते! जानेवारी २०२० मध्ये काश्मीरसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशी बंदी बेमुदत असू शकत नाही आणि तिचे आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत.

९/ २०२३ च्या दूरसंचार कायद्यात १८८५ चा कायदा मोडीत काढण्याची तरतूद झाली. सेवा स्थगित करण्याचा अधिकार मात्र टिकला. २०१५ च्या लढ्याने कंपनीला निःपक्षपाती राहण्यास भाग पाडले. १८६० मध्ये सरकारसाठी राखलेल्या त्या अपवादाचा प्रश्न आजही अनिर्णित आहे.