सहकुटुंब चित्रपट : एका खर्चाचा इतिहास

गरौठा तहसिलीतील गुरसराय येथे एके काळी मराठी जहागीर होती. बुंदेलखंडात पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आम्हा मराठी मंडळींस सहकुटुंब चित्रपटास जाणे हा सणासारखाच आनंद वाटत आला आहे.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. पुढे एकपडदा चित्रगृहांत ऐपतीप्रमाणे बसण्याची सोय असे. पडद्याजवळची जागा स्वस्त, बाल्कनी महाग. १९९७ साली दिल्लीच्या साकेत भागात देशातील पहिले बहुपडदा चित्रगृह सुरू झाले. अशा चित्रगृहांमुळे सुखसोयी वाढल्या, परंतु तो स्वस्त वर्ग लोपत गेला.

करही आहेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के, त्यावरील तिकिटावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. मूळ दर दोनशे धरल्यास पाच माणसांचे हजार रुपये, वर १८० रुपये कर. खाणेपिणे आणि झाशीपर्यंतचा प्रवास निराळाच.

असा हिशेब मांडला की ‘तुम्हीच जाऊन या’ म्हणत प्रथम मागे राहतात ते आजी-आजोबा. तीन पिढ्यांनी एकत्र बसून हसण्या-रडण्याचे प्रसंग विरळ व्हावेत, याचीच आम्हांस खंत वाटते.